दार लागेपर्यंत हात वर

आमच्या व्हॅनमध्ये बसलेल्या प्रत्येकाला मधलं दार लावायच्या आधी दोन्ही हात वर करावे लागतात. मी बाहेर उभी राहून "हात!" म्हणते, आतले सगळे हात वर करतात, मी दार सरकवते, ते नीट बसलं की "लागलं!" म्हणते, आणि मगच हात खाली. पाहुणे हसतात. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंनी तर विचारलं, "काय गं, दरोडा घालतेस का आमच्यावर?" बाजारात गाडी उभी असली आणि आत पाच माणसं हात वर करून बसलेली दिसली, की रस्त्यावरचे लोक वाकून बघतात. सुरुवातीला मला लाज वाटायची, आता वाटत नाही. नियम माझा नव्हे, याकूबभाईंचा. त्यांच्यासमोर तो मोडायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

याकूबभाई आमचे शेजारी. आमचं घर मिरजोळ्याच्या बाजूला, एका चढाच्या वरच्या टोकाला, आणि त्यांचं त्याच चढाच्या मध्यावर. मधे एक गाडी जाईल एवढाच सिमेंटचा रस्ता. त्यांनी कुवेतला बावीस वर्षं एकाच कुटुंबाची मोठी व्हॅन चालवली, आणि मग एका वर्षी ते परत आले ते आलेच. बुटके, काटक, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात पेन आणि रुमाल. बायको आधीच गेलेली, मुलगी पनवेलला दिलेली. घरात एकटेच. सकाळी घरापुढच्या गडग्यावर, म्हणजे चिऱ्याच्या बुटक्या कुंपणभिंतीवर, बसून पेपर वाचायचे आणि वरून खाली, खालून वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान पूर्ण वळवून बघायचे. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नव्हती. सायकलही नव्हती. बावीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस बाजारात चालत जातो, याचं सगळ्या वाडीला नवल वाटायचं. "कंटाळलो," एवढंच ते सांगायचे.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती माझ्याच मूर्खपणामुळे.

आमच्या सासूबाईंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिस. चार तास मशीनला लावायचं. एक खेप चुकली तरी पाय सुजायचे, दम लागायचा. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं, काही झालं तरी खेप चुकवायची नाही. आमचे हे जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. धाकटे दीर मुंबईला. घरात मी, सासूबाई आणि दुसरीतली माझी मुलगी मुक्ता. रिक्षात चढताना सासूबाईंना त्रास व्हायचा, म्हणून यांनी सुट्टीवर असताना सात माणसांची जुनी व्हॅन घेतली. बाजूला सरकणारं दार, खाली पायरी. गाडी दारात लावून हे बोटीवर निघून गेले.

माझ्याकडे लायसन होतं. अकरा वर्षांचं जुनं, घडी न मोडलेलं. मी गाडी कधी चालवली नव्हती. चार दिवस क्लासला जाऊन आले आणि पहिल्याच मंगळवारी घरापुढे, चढावर, तोंड वर करून गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला, गिअर काढला, उतरले, आणि सासूबाईंना दंडाला धरून दाराशी आणलं. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, आणि गाडी मागे निघाली.

जोरात नव्हे, सावकाश. तेच भयंकर होतं. सासूबाईंचा एक पाय गाडीत, एक रस्त्यावर, आणि मी त्यांना आत ढकलावं की बाहेर ओढावं या विचारात उभी. खालून कुणीतरी ओरडलं, "आत! आत ढकला!" मी ढकललं. सासूबाई सीटवर आडव्या पडल्या. गाडी आणखी दोन हात मागे गेली आणि कसल्यातरी आवाजानं थांबली. मागच्या चाकाखाली चिऱ्याचा एक जाड तुकडा होता आणि शेजारी याकूबभाई, धापा टाकत, गुडघ्यावर. त्यांनी तो आपल्याच गडग्यातून उपसला होता.

मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी आधी आत डोकावून सासूबाईंना विचारलं, "आई, हाताला लागला काय?" सासूबाईंच्या डाव्या हातात डायलिसिससाठी शीर जोडलेली होती. त्या हाताला धक्का लागणं म्हणजे सगळंच मुसळ केरात. हात ठीक होता. मग ते माझ्याकडे वळले.

"वैनी, हँडब्रेक ओढलाय असा मानसाला वाटता. दगड लावलेला दिसता."

त्या दिवशी त्यांनी खालच्या नाक्यावरून एक रिक्षावाला गाठून आणला, आमची व्हॅन त्याला चालवायला लावली आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले. मला वाटलं, माणूस विचित्र आहे. स्वतःला येतं तर स्वतःच का नाही चालवत? पण विचारायची ती वेळ नव्हती. चार तास इस्पितळाच्या बाकावर बसून मी एकच ठरवत होते, की या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही.

संध्याकाळी ते आमच्या ओटीवर आले. सासूबाई आत पडलेल्या. त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं, "शुक्रवारी तुमीच न्यायचा."

"मी? आज काय झालं बघितलंत ना?"

"बघितला म्हनूनच. जिला एकदा भ्या वाटला ती दुसऱ्यांदा इसरत नाय."

आतून सासूबाईंचा आवाज आला. "रेखा, याकूब शिकवत आसल तर शीक गो बाय. दुसऱ्या कुनाच्या गाडीत मी बसायची नाय." म्हणजे मला दरीत ढकलून दोघं मोकळी.

शिकवणी अशी सुरू झाली. मी गाडीत बसले की ते बसत नसत. आधी मला उतरवून गाडीभोवती एक फेरी मारायला लावायचे. चाकं बघ, खाली बघ, मागे बघ. मांजर, पोर, बादली, काहीही असू शकतं. फेरी संपली की ते विचारायचे, "काय दिसला?" "काही नाही" हे उत्तर चालायचं नाही. "मागच्या चाकाजवळ नारळाची करवंटी, डाव्या बाजूला मुक्ताची चप्पल," असं सांगावं लागायचं. मग ते डावीकडच्या पुढच्या सीटवर बसायचे, पट्टा लावायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. वर्षभरात त्यांनी एकदाही स्टिअरिंगला बोट लावलं नाही.

चढावर उभं राहायचं तर पहिला गिअर टाकून, उताराला तोंड असेल तर उलटा गिअर टाकून. हँडब्रेक पूर्ण. चाक गडग्याकडे वळवलेलं. आणि वर तो चिऱ्याचा तुकडा. तो दगड आमच्या व्हॅनचाच झाला, पायाशी एका गोणपाटात गुंडाळून राहायचा. त्यांच्या गडग्याला तिथे खाच पडली. "बसवून घ्या की दुसरा चिरा," मी म्हणाले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जाता येता तुमाला दिसला पायजे."

रविवारी आम्ही औद्योगिक वसाहतीत जायचो. कारखाने बंद, रुंद सपाट रस्ते रिकामे. तिथे ब्रेकचं शिक्षण. त्यांनी एक सोललेला नारळ मधल्या सीटच्या मागे, गाडीच्या तळावर मोकळा ठेवला. मी ब्रेक मारला की नारळ गडगडत येऊन सीटच्या पायावर आपटायचा. "नारळ बोलला," याकूबभाई म्हणायचे. पुन्हा. पुन्हा ठक्. "नारळ बोलला." मुक्ताला ही मोठी गंमत वाटायची, ती मागे बसून नारळाच्या वतीनं "आई गं!" असं ओरडायची. मी वैतागून एकदा म्हणाले, "नारळ आहे तो, घरंगळणारच!" तर शांतपणे म्हणाले, "वैनी, नारळाच्या जागी आई बसनार. चार तास मशीनवर पडून आलेली, चक्कर येत आसलेली. ब्रेकवर पाय ठेवायचा, मारायचा नाय." तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी आम्ही फाटकापासून वळणापर्यंत दोनदा जाऊन आलो आणि मागून एकही आवाज आला नाही. याकूबभाईंनी तो नारळ उचलून मुक्ताच्या हातात दिला. "आजीला सांग, कालवन करायला दे." त्यांच्याकडून मिळालेली ही एवढीच शाबासकी. मी ती नारळाची कवड अजून जपून ठेवलेली नाही, पण त्या दिवशी ठेवावीशी वाटली होती.

दाराचं प्रकरण मात्र वेगळं होतं. बाकी सगळ्या बाबतीत ते एकदा सांगून गप्प बसायचे. दाराशी आले की त्यांचा चेहराच बदलायचा. सरकतं दार म्हणजे काय, हे त्यांनी मला एका दुपारी उभ्या उभ्या समजावलं. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर दार मागे पळतं आणि लावताना जड जातं, म्हणून माणूस जोर लावतो. तोंड उताराकडे असेल तर उघडं दार आपल्या वजनानं पुढे येतं, कुणी न लावता. म्हणून उघडताना ते शेवटपर्यंत न्यायचं, "कट्" असा आवाज येईपर्यंत. अर्धवट उघडं दार त्यांना बघवत नसे. रस्त्यात दुसऱ्याची गाडी तशी दिसली तरी ते जाऊन दार मागे ढकलून यायचे. दाराच्या खालच्या पट्टीत लाल माती जाते, मग दार अडतं, अडलं की माणूस पुन्हा जोर लावतो. म्हणून दर शनिवारी जुन्या टूथब्रशनं पट्टी साफ करायची आणि तिच्यावर मेणबत्ती घासायची. तेल नाही, तेलाला माती चिकटते. दार एका बोटानं सरकलं पाहिजे. "जोर लावायला लागला म्हंजे कायतरी चुकलाय, थांबायचा."

आणि हात. "हात!" म्हटल्यावर हात वर, "लागलं!" म्हटल्याशिवाय खाली नाही. दार लागल्याचा आवाज आला म्हणून हात खाली घेतलेलाही त्यांना चालायचा नाही. मुक्ता एकदा तशीच हात खाली घेऊन बसली, तर त्यांनी दार पुन्हा उघडलं आणि सगळं पहिल्यापासून करायला लावलं. सासूबाई करवादल्या, "अरे याकूबा, आमी काय चोर हाव?" पण म्हणता म्हणता त्यांनीही डावा हात आधी वर केला. तो हात त्यांचा जीव होता.

घरी आले की सासूबाई त्यांना चहा द्यायला लावायच्या. मी कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवायची, आणि पुष्कळदा तो तसाच राहायचा. "च्या गार झाला रे," असं सासूबाईंनी म्हटलं की ते दचकून वळायचे, कप उचलायचे आणि गार चहा तसाच पिऊन टाकायचे. संकोची माणूस, आम्ही म्हणायचो.

पुढच्या गणपतीत मुंबईचे दीर आले. सासूबाईंना गणपतीपुळ्याला जायचं होतं, आणि याकूबनं बरोबर आलंच पाहिजे, असा हट्ट. "देवळात नाय येनार, आई," ते म्हणाले. "तू गाडीत ये. देवळात मी बघते," सासूबाई म्हणाल्या. दीर चालवायला बसले. मुंबईच्या माणसाला गाडी चालवता येते, हे त्यांनी निघताना तीनदा सांगितलं. आरे-वारेच्या बाजूला मोठा उतार लागला, खाली समुद्र दिसायला लागला, आणि दिरांनी मोठ्या चतुराईनं गिअर काढून गाडी मोकळी सोडली. पेट्रोल वाचतं, म्हणे. आमच्याकडे निम्मे लोक हेच करतात आणि त्यात हुशारी समजतात.

सगळ्यात मागच्या सीटवरून याकूबभाई म्हणाले, "भाऊ, गाडी थांबवा."

"का? पोटात ढवळतंय का?"

"मला उतरायचा हाय."

दिरांनी कशीबशी वळणाच्या आधी गाडी थांबवली. याकूबभाई उतरले, रस्त्याकडेच्या कठड्यावर जाऊन बसले आणि समुद्राकडे बघत राहिले. आम्हाला कळेना. शेवटी दीर उतरून गेले. याकूबभाई आवाज न चढवता म्हणाले, "गिअरमधी घालून चालवत आसाल तर बसतो. नायतर मी येतो चालत. पाच-सहा मैल आसल."

"अहो, इतकी वर्षं असंच चालवतोय मी."

"मंग इतकी वर्सा तुमाला देवानं सांभाळलान. त्याच्याकडंच चाललाव, त्याला आनी किती तरास देनार?"

सासूबाई गाडीत एवढ्या हसल्या, की त्यांना खोकला आला. दीर तोंड पाडून बसले आणि दुसऱ्या गिअरवर खाली आले. आम्ही दर्शनाला गेलो, तोवर याकूबभाईंनी दाराच्या पट्टीत गेलेली पुळणीची वाळू टूथब्रशनं काढून ठेवली होती. येताना दिरांनी आपणहून चावी माझ्या हातात दिली. त्यांच्या देखत मी ती गाडी चढ-उतारांवरून घरी आणली. मागे सासूबाई झोपल्या होत्या, त्या घरापर्यंत जाग्या झाल्या नाहीत. हे मी बढाई म्हणूनच सांगते आहे.

मग तो ऑगस्ट आला. पावसानं ओटीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. सोमवारी सकाळी मी न्हाणीतल्या गुळगुळीत चपला घालून उतरले आणि सरळ खाली आले. उजवं मनगट मोडलं. पाच आठवड्यांचं प्लास्टर. आणि दुसऱ्या दिवशी मंगळवार.

शुक्रवारची खेप मशीन बिघडल्यानं अर्धीच झाली होती. सासूबाईंचे पाय आधीच सुजलेले. पावसात आमच्या चढावर रिक्षावाले यायला तयार नसत. कुणाला तरी व्हॅन चालवायला हवी होती, आणि तो कुणीतरी समोरच उभा होता. मंगळवारी सकाळी मी चावी याकूबभाईंच्या पुढे धरली. मला यात विचारण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं.

त्यांनी चावी घेतली नाही. "नाय वैनी. मी चालवनार नाय."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. दोन शेजारी आले होते, तेही बघत राहिले. सासूबाई दारात खुर्चीवर बसलेल्या, दम लागलेला, पण जीभ शाबूत होती. "बावीस वर्सा परक्यांची पोरा हाकलीस, आनी माजी चार मैला जड झाली तुला?"

याकूबभाई खाली बघत उभे राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला. हा माणूस मला वर्षभर शहाणपण शिकवतो, आणि जीवावर बेतलं तेव्हा मागे सरतो! मी तसं बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि छत्री उघडून चढ उतरून निघून गेले.

वीस मिनिटांनी ते परत आले ते तीन माणसं आणि दोन बांबू घेऊन. रिक्षा चढाखाली उभी करून ठेवली होती. प्लास्टिकची खुर्ची बांबूंना बांधली, सासूबाईंना तिच्यात बसवलं, आणि तीन माणसं नि एक शेजारी अशा चौघांनी ती खांद्यावर घेऊन तो चढ उतरला. याकूबभाई खुर्चीला हात लावत नव्हते. ते बाजूनं चालत होते, आपली छत्री सासूबाईंच्या डाव्या हातावर धरून, स्वतः भिजत. रिक्षात बसवल्यावर, रिक्षाला दार नसतानाही, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आई, हात." सासूबाईंनी तोंड फिरवलं. हात मात्र उचलला.

खेप वेळेवर सुरू झाली. मशीन लागलं. मी बाहेरच्या बाकावर बसले, ते माझ्या शेजारी. मग त्यांनीच सुरुवात केली, समोरच्या भिंतीकडे बघत.

"तितं कुवेतला मालकाची पोरगी होती. मरियम. चार वर्सांची. सगळ्यात धाकटी. शाळेसमोर दिवसाढवळ्या मीच दार लावला. तवा मी हात म्हनायचो नाय. तिचा हात उजव्या बाजूला, चौकटीवर. माज्यासमोर, वैनी. मला दिसला नाय."

मी त्यांच्याकडे वळले.

"घरातले म्हनाले, पोरगी खोडकर हाय, तिनंच मधी हात घातलान. मालक उलट मलाच पानी देत होता. मी गप ऐकून घेतला. पन मला ठाऊक होता. तिनं हात मधी घातला नव्हता. हात पैल्यापासून तितंच होता. मलाच दिसला नाय." त्यांनी आपल्या उजव्या हाताची मधली दोन बोटं धरली. "शेंड्याची पेरा. दोन. नाय झाली सरळ."

मग ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसतं, पण कडा बंद होत जातात, उजव्या डोळ्याची बाहेरची कड आधीच गेलेली. डॉक्टर म्हणाला, औषध घाला, अजून दोन-तीन वर्षं गाडी चालवता येईल. मालकही जाऊ देत नव्हता. त्याच आठवड्यात त्यांनी चावी मालकाच्या टेबलावर ठेवली आणि विमानात बसले. कुणाला कारण सांगितलं नाही. इथे येऊनही नाही.

"लायसन अजून हाय खिशात," ते म्हणाले. "पन ता सरकारनं दिलान. डोळे माजे हायत."

मला रडू आलं. सकाळी मी त्यांना जे बोलले होते ते परत गिळता आलं असतं, तर त्या बाकावर बसून गिळलं असतं. मी माफी मागितली. त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "शुक्रवारी बांबू जरा जाड घेव. आज वाकत होते."

पाच आठवडे, दहा खेपा, खुर्ची चढ उतरली आणि चढली. एकही खेप चुकली नाही. सासूबाईंना मी त्याच रात्री सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी याकूबभाई आले तेव्हा मी नेहमीसारखा कप ठेवायला गेले, तर सासूबाईंनी माझ्या हातातून तो काढून घेतला आणि स्वतः उठून त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला. "घे रे, गरम हाय," म्हणाल्या. त्यानंतर आमच्या घरात त्यांचा चहा कधी गार झाला नाही.

सासूबाई आणखी दोन वर्षं काढून घरीच गेल्या. शेवटपर्यंत मंगळवार-शुक्रवार मी त्यांना नेत होते. त्यांच्या डाव्या हाताला कधी ओरखडा उठला नाही.

याकूबभाईंच्या नजरेच्या कडा त्यानंतर भराभर आत येत गेल्या. गडग्यावर बसायचे, पण पेपर नसायचा. पायांच्या आवाजावरून माणूस ओळखायचे, आणि आमची गाडी खालून आली की इंजिन ऐकून म्हणायचे, "वैनी, दुसऱ्यात घाला." गेल्या वर्षी मुलगी येऊन ठेपली. पनवेलला घेऊन जाते, म्हणाली. ते नको म्हणाले नाहीत. सकाळच्या गाडीला त्यांना स्टेशनवर सोडायचं होतं आणि ते मीच सोडणार हे न बोलताच ठरलं.

मी व्हॅन त्यांच्या दारात लावली. गिअर, हँडब्रेक, चाक वळवलेलं, चिरा. फेरी मारली. ते पायरीवर उभे राहून माझ्या चपलांचा आवाज ऐकत होते. "काय दिसला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, "मागे कोंबडी, पुढे काही नाही, आणि तुमच्या गडग्यातली खाच." ते हसले.

पुढच्या सीटवर सामान होतं. त्यामुळे ते पहिल्यांदाच मधे बसले, दाराशी, जिथे सासूबाई बसायच्या. मुलगी त्यांच्या पलीकडे बसली. मी "हात!" म्हणाले. दोघांनी हात वर केले. मी एका बोटानं दार सरकवलं, ते बसलं, चिरा उचलून पायाशी ठेवला आणि निघाले. डोळ्यांत पाणी होतं, आणि मला फक्त रस्ता नीट बघायचा होता. दुसऱ्या गिअरवर चढ उतरला, नाका गेला, मोठ्या रस्त्याला लागले. मागून एकही आवाज नव्हता.

नाक्यापुढे मी आरशात बघितलं. मुलीचे हात मांडीवर होते. याकूबभाई समोर बघत ताठ बसले होते, दोन्ही हात खांद्यांच्या वर, बोटं पसरलेली, जसे घरापुढे केले होते तसेच. मी "लागलं" म्हणाले नव्हते.

मी गाडी कडेला घेतली, थांबवली, मागे वळले आणि म्हणाले, "लागलं, याकूबभाई."

त्यांनी हात खाली घेतले.